प्रभावाचे खाते

गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, जे आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले, तेथील विद्यार्थ्यांच्या पाठात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय येतो, आणि त्यात चित्रक व दंती या दोन वनस्पतींची जोडी मांडलेली आहे. दोन्ही चवीला तिखट, दोन्हींचा विपाक, म्हणजे पचनानंतरचा रस, कटू म्हणजे तिखटच, दोन्ही वीर्याने, म्हणजे अंगच्या शक्तीने, उष्ण. शास्त्राच्या हिशेबाने दोन्हींचे कार्य एकच व्हावयास हवे, परंतु दंतीने रेच होतो आणि चित्रकाने होत नाही. हा भेद ठरलेल्या कोणत्याच सदराखाली बसेना, तेव्हा ज्या रकमेचा तपशील लागत नाही ती कारकुनाने अनामतीत टाकून ठेवावी, तसे आचार्यांनी ‘प्रभाव’ नावाचे निराळे खाते उघडले.

अशा अनामतीवाचून आजच्या औषधशास्त्राचेही चालत नाही. ऊसतोडीला निघालेली बाई पाथर्डीच्या मेडिकलमध्ये ‘अंगदुखीची द्या’ एवढेच म्हणते, दुकानदार कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतो; ते पॅरासिटामॉल रोग्यांना प्रथम दिले गेले १८९३ साली, आणि ते वेदना नेमकी कशी शमविते याविषयी तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही. ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आली व तिचे मर्म औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली उलगडले. मधली बहात्तर वर्षे जगाने ती निव्वळ प्रचीतीवर गिळली.

हे ऐकले की पुष्कळांना परमानंद होतो, आणि ‘विज्ञानाला तरी कुठे सगळे कळते’ असे म्हणत ते पुष्कराजाची अंगठी पुढे करतात. त्यांचा वकील, दुर्दैवाने, खुद्द चरकच आहेत; कारण दंतीपाठोपाठ रत्नधारणाचे फळही त्यांनी याच प्रभावाच्या खाती जमा धरले आहे. येथे माझी चरकांशी फारकत होते. दंतीचा रेच कोणाच्या श्रद्धेची वाट पाहत नाही. रक्कम खरोखर हाती आली आहे, प्रश्न आहे तो ती कोठे लिहावी एवढाच. अंगठीच्या बाबतीत रकमेचाच पत्ता नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दाब मोजून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा तिच्यातील रेसर्पीन हे कार्यकारी द्रव्य कोणी वेगळेही काढले नव्हते, तरी जगाने ती स्वीकारली, ती या मोजमापावर.

पॅरासिटामॉलची एक बाब मात्र अनामतीत नाही. मात्रा ओलांडली असता ते यकृताचा नाश कसा करते, हे १९७०च्या दशकातच पायरीपायरीने उलगडलेले आहे. धडधाकट प्रौढाने दिवसात चार ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही सीमा कदापि ओलांडू नये, आणि रोज दारू घेणाऱ्याने तर तिच्या पुष्कळ आत राहावे, हे पट्टी कापतानाच गिऱ्हाइकाला सांगणे दुकानदाराचे काम आहे.