मामा, कुठली शाळा धरू?

दिवाळी अंकासाठी या सदरात काय लिहावे, हा प्रश्न मला दर वर्षी श्रावणापासून छळू लागतो. यंदा विषय आपल्या पायांनी घरी आला. नारळी पौर्णिमेच्या दिवशी माझी भाची आली आणि चपला काढता काढताच तिने विचारले, "मामा, सरकारी शाळा धरू की खासगी क्लास?"

"कुठल्या गावात?" मी विचारले. नाशिक म्हणेल, फार तर ठाणे म्हणेल, असा माझा अंदाज.

"कोरियात," ती म्हणाली. "दक्षिण कोरियात. इंग्रजी शिकवायला."

मराठीच्या अध्यापकाला इंग्रजीच्या मास्तरकीबद्दल सल्ला विचारणे म्हणजे कासाराला सोन्याचा भाव विचारणेच. पण आमच्या घराण्यात या धंद्यात केस पांढरे झालेला मी एकटा, तेव्हा विचारणार तरी कुणाला? मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, वर बी.एड., आणि तीन वर्षे आठवी-नववीचे वर्ग सांभाळलेली. भावजींची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. फ्लॅटचे हप्ते मात्र बंद पडले नाहीत. तिच्या प्रश्नामागे हे सगळे उभे होते. ती ते बोलली नाही आणि मीही काढले नाही.

ताई पाठोपाठ आलीच. "अरे, महिना पंचवीस लाख पगार आहे म्हणे!" ती दारातूनच म्हणाली. मी हातातला चहा खाली ठेवला. मग उलगडा झाला, की हे पंचवीस लाख म्हणजे वॉन. सोळा-सतरा वॉनांचा एक रुपया होतो. म्हणजे साधारण दीड लाख रुपये. तरी माझ्या भाचीच्या आजच्या पगाराच्या कितीतरी पट. शिवाय राहायला खोली फुकट. ताईचा चेहरा जरा उतरला, पण फार नाही.

आता वाचकांना थोडे भूगोल-इतिहासाचे सांगायला हवे. कोरियात मुलांची शाळा दुपारी सुटते आणि खरी शाळा तिथून पुढे सुरू होते. गणिताचा क्लास, पियानोचा क्लास, तायक्वांदोचा क्लास आणि या सगळ्यांवर वरताण म्हणजे इंग्रजीचा क्लास. या क्लासांना तिथे 'हागवॉन' म्हणतात. आपल्याकडच्या पालकांना वाटते, की क्लासचे वेड आपण शोधून काढले. कोरियन आईबापांपुढे आपण अगदीच बालवाडीत! 2023 साली तिथल्या पालकांनी खासगी शिकवण्यांवर सत्तावीस लाख कोटी वॉन खर्च केले. 1980 साली तिथल्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदीच घातली होती. तिचा शेवट 2000 साली त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने केला. सोलमध्ये आता रात्री दहानंतर क्लास चालवायला मनाई आहे. कायदा करून मुलांना झोपायला पाठवावे लागते, यातच सगळे आले. नोव्हेंबरातल्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असतो तेवढा वेळ देशभर विमानांची चढउतार थांबवतात. ज्या भाषेसाठी विमाने थांबतात, ती शिकवणाऱ्या मास्तराला मागणी का नसावी?

ही मागणी दोन ठिकाणांहून येते. एक हे हागवॉन, आणि दुसऱ्या सरकारी शाळा. सरकारने 1995 सालापासून परदेशी शिक्षक सरकारी शाळांत आणण्याची योजना चालवली आहे. भाचीपुढे दोन्ही होते. सरकारी शाळेचा अर्ज म्हणजे कागदांचा ढीग आणि महिनोन्महिने वाट पाहणे. क्लासवाल्यांच्या एका मध्यस्थाचा निरोप मात्र थेट फोनवर आला होता : जागा रिकामी आहे, तूर्त टूरिस्ट व्हिसावर ये, पुढचे कागद इथे आल्यावर करू, आणि चाळीस हजार रुपये अनामत पाठव.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तिला म्हणालो, "जा. अशी संधी पुन्हा येत नाही." टूरिस्ट व्हिसा या शब्दावर मी थबकायला हवे होते. थबकलो नाही. ताईचा चेहरा समोर होता, हप्ते डोक्यात होते, आणि मुलीच्या आईला बरे वाटेल असे बोलण्याचा मोह मला पडला. सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नसले की तो असा सढळ होतो.

मुलीला वाचवले ते तिच्या मामेभावाने. माझा थोरला भाऊ तीस वर्षांपूर्वी टोरोंटोला गेला. त्याचा मुलगा तिथेच जन्मला, वाढला, वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला आणि गेल्या वर्षी बुसानच्या एका इंग्रजी क्लासात शिकवायला लागला. आयुष्यात कधी कुणाला शिकवलेले नाही. भाचीने त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "ताई, क्लासात तुला घेताच येत नाही. कायद्यानेच नाही. मध्यस्थ खोटे बोलतोय."

मग आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. इंग्रजी शिकवण्याचा जो व्हिसा तिथे मिळतो, त्याला ई-2 म्हणतात. तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. त्यांच्याकडे कुठल्याही विषयाची पदवी असली, की क्लासचे दार उघडते. भारत या यादीत नाही. मात्र भारत आणि कोरिया यांच्यात 2009 च्या ऑगस्टमध्ये एक व्यापारी करार झाला. तो 1 जानेवारी 2010 पासून अमलात आला. जकातीच्या कलमांच्या गर्दीत कुठेतरी एक ओळ शिरली आहे, तिच्या आधारे भारतीयाला इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून कोरियात जाता येते. पण केव्हा? पदवी हवी, इंग्रजी शिकवण्याचे अध्यापन-प्रमाणपत्र हवे, आणि नोकरी शाळेतच हवी. क्लासात नव्हे.

म्हणजे माझ्या पुतण्याला दोन्ही दारे उघडी, आणि माझ्या भाचीला एकच, तेही दोन कुलपांचे. ज्याला शिकवता येत नाही त्याला निवड करता येते, आणि जिने शिकवण्याचे शिक्षण घेतले तिला नाही. इंग्रजी आमच्या संघराज्याची सहराजभाषा आहे हे त्या यादीला ठाऊक नाही. भाषा जिभेवर असते की पासपोर्टावर, हा प्रश्न मी वर्गात विचारला असता तर मुले हसली असती.

त्या रात्रीच एक गंमत झाली. पुतण्याच्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने त्याला विचारले होते, की 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे चूक का? हा म्हणाला, ऐकायला चूक वाटते म्हणून. मुलाच्या आईने मालकिणीकडे तक्रार केली. माझ्या भाचीने त्याला फोनवर दहा मिनिटांत समजावले, फळा नसताना. ठरलेला काळ सांगितला की त्या क्रियेचे दार बंद होते, आणि 'हॅव' त्या बंद दारातून आत जाऊ पाहते, असे काहीसे ती म्हणाली. मला स्वतःला ते प्रथमच नीट कळले.

आता मूळ प्रश्न. पुतण्याला निवड होती, म्हणून त्याच्याकडून दोन्ही बाजू कळल्या. क्लासचे काम दुपारी एक-दोनला सुरू होते ते रात्री नऊ-दहापर्यंत. आठवड्याला तीसच्या आसपास तास. वर्गात दहा-बारा मुले. प्रत्येकाचे नाव पाठ होते, मुले खरोखर बोलू लागतात, आणि वर्ग तुमच्या एकट्याचा असतो. हे काही थोडे सुख नव्हे. सरकारी शाळेत सकाळी साडेआठ ते साडेचार. शिकवण्याचे तास बावीस. पण वर्गात पंचवीस-तीस मुले, सोबत कोरियन शिक्षक, आणि तुम्ही सहायक. सोबतचे शिक्षक चांगले मिळाले तर बरे, नाहीतर वर्षभर जिवंत टेपरेकॉर्डर होऊन राहायचे. मुलांना सुट्टी लागली तरी करारातल्या रजेचे दिवस सोडून रोज शाळेत यायचे आणि रिकाम्या खोलीत बसायचे. परदेशी शिक्षकांनी याला 'डेस्क वॉर्मिंग' असे नाव दिले आहे. आपल्याकडे खुर्ची उबवणे म्हणतात ते हेच, फक्त तिथे ते नाइलाजाने करतात. शिवाय गाव कुठले मिळेल ते आपल्या हाती नाही. कधी कधी एकाच शिक्षकाला दोन-तीन शाळा वाटून देतात.

हे ऐकून ताई म्हणाली, "मग क्लासच बरा की!" वरवर पाहता तसेच दिसते. पण पुतण्याने दुसरी गोष्ट सांगितली. तिथे कायद्याने वर्ष पुरे केलेल्या नोकराला एका महिन्याचा पगार जादा द्यावा लागतो. त्याच्याबरोबर आलेल्या एका मुलीला मालकिणीने अकराव्या महिन्यात काढले. कारण? 'पालक नाराज आहेत.' कोणते पालक, ते शेवटपर्यंत कळले नाही. व्हिसा त्या क्लासच्या नावाचा, खोली क्लासची. एका आठवड्यात मुलगी नोकरी, घर आणि देश तिन्हींतून बाहेर. काही मालक शिक्षकाला नोकर म्हणून दाखवतच नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखवतात, म्हणजे विमा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता भरायला नको. सगळेच असे करतात असे मुळीच नव्हे. पुतण्याची मालकीण त्याला सणाला फळांची पेटी पाठवते, आजारी पडला तर दवाखान्यात घेऊन जाते. पण चांगली मालकीण मिळणे हे नशीब झाले, आणि सहा हजार किलोमीटरांवर नशिबाच्या भरवशावर मुलगी पाठवायची?

ही गोष्ट ऐकताना मला माझेच जुने दिवस आठवत होते. एम.ए. झाल्यावर मी चार वर्षे सकाळी एका महाविद्यालयात घड्याळी तासांवर आणि संध्याकाळी एका खासगी क्लासात बारावीला शिकवीत असे. क्लासचे मालक मोठे गोड बोलत. दसऱ्याला सोने देत, खांद्यावर हात ठेवून "सर, तुम्ही घरचेच" म्हणत. घरच्याच माणसाचे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे त्यांनी बुडवले. मी सहा वेळा गेलो. सहाही वेळा चहा मिळाला. महाविद्यालयाची गोष्ट वेगळी. तिथे कुणी गोड बोलत नसे. तासांचे पैसे आठ-आठ महिने येत नसत, मे महिन्यात तर काहीच नसे. पण एक नोंदवही होती. तिच्यात माझ्या प्रत्येक तासाची सही होती. दीड वर्षाने का होईना, त्या सह्यांनी पैसे वसूल करून दिले.

हे मी भाचीला सांगितले. म्हटले, पगार कुठे जास्त, तास कुठे कमी, हे विचारू नकोस. उद्या बिनसले तर कुणाच्या दारात उभे राहायचे, ते विचार. शाळेत वरिष्ठ असतात, शिक्षण खात्याचे कार्यालय असते, छापील करार असतो. क्लासात मालक हाच वरिष्ठ आणि मालक हेच कार्यालय. कामगार कार्यालयात तक्रार करता येते म्हणा, पण तिथे उभे राहायला आपण कायदेशीर तरी हवे ना? टूरिस्ट व्हिसावर शिकवणारी मुलगी कुणाकडे जाणार? सापडली तर दंड, परत पाठवणी आणि पुन्हा प्रवेशबंदी. मालक हे जाणून असतो, आणि म्हणूनच तो बोलावतो.

"पण मामा," ती म्हणाली, "सरकारी शाळेने घेतलेच नाही तर?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. करारात दार ठेवले, म्हणजे आत पाट मांडून ठेवला आहे असे थोडेच आहे? सात देशांचे उमेदवार रांगेत असताना शाळा भारतीय मुलीला घेईलच असे कोण सांगणार? "मग तीन महिने फुकट गेले म्हणू," मी म्हणालो. हप्त्यांचे तिने विचारले नाही. ताईने विचारले. त्यावर माझे नि भावजींचे जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. एवढेच, की सहा महिन्यांची सोय झाली.

मध्यस्थाला तिने नकार कळवला. त्यानंतर दीड महिना कागदांमागे धावण्यात गेला. पदवीचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, त्यांवर आधी राज्याचे शिक्के, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. एवढ्याशा चिकटपट्टीसाठी तिने चार रजा खर्च केल्या. मधल्या वेळात ती कोरियन लिपी शिकली आणि मलाही शिकवली. राजा सेजोंगने 1443 साली ही लिपी तयार करवली आणि 1446 मध्ये ती प्रजेला दिली. जीभ, ओठ, घसा कुठे कसे होतात त्यावरून अक्षरांचे आकार बांधले आहेत. आमच्या कंठ्य-दंत्य-ओष्ठ्याची ही चुलत बहीण पाहून मला इतका आनंद झाला, की मी पुढच्या सोमवारी बी.ए.च्या वर्गात भाषाविज्ञानाचा तास सगळा तिच्यावरच घालवला. मुलांनी परीक्षेत याचे काय करायचे ते विचारले नाही, हे त्यांचे उपकार. वडिलांना तिथे 'आप्पा' म्हणतात, हे कळल्यापासून भावजीही जरा खुशीत आहेत.

ताईची काळजी वेगळीच आहे. मुलगी शाकाहारी, आणि शाळेतल्या जेवणात रोज किमची. ती कोबीची असली तरी तिच्यात मासळीचा रस घालतात, हे पुतण्याने सांगायला नको होते.

मुलाखत गेल्या आठवड्यात झाली, संगणकासमोर बसून, माझ्याच खोलीत; कारण ताईच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होतात. मी बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होतो. आतून तिचा आवाज येत होता, वर्गात येतो तसा, न घाबरता. पाऊण तासाने बाहेर आली. निकाल दिवाळीनंतर कळेल म्हणाली. ताईने मात्र दोन किलो मेतकूट आताच करून ठेवले आहे. मुलगी गेली तर तिच्याबरोबर जाईल, नाही गेली तर आम्ही खाऊ.