फुलपाखरू हवे, अळी मात्र नको!

पावसाळा नुकताच सरला होता. अशा एका रविवारी आमच्या इमारतीतील पाच मुलांना बरोबर घेऊन प्रस्तुत लेखक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या ओवळे गावी गेला होता. तेथील ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी प्रसिद्ध आहे. मुलांची कल्पना अशी होती की, मोठा पिंजरा असेल आणि त्यात फुलपाखरे कोंडलेली असतील. प्रत्यक्षात तेथे ना जाळी, ना काच, ना छप्पर. झाडेझुडपे तेवढी दाटीने लावलेली, आणि त्यांवर शेकडो फुलपाखरे आपखुशीने आलेली. ‘मग ही उडून का जात नाहीत?’ हा मुलांचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर ज्याला नीट उमगले, त्याला या विषयातील बहुतेक सारे उमगले असे म्हणावयास हरकत नाही.

ती उडून जात नाहीत, कारण त्यांच्या पिलांचे अन्न तेथे आहे. फुलपाखरू कोणत्याही फुलातील मध पिईल. परंतु त्याची अळी कोणतेही पान खात नाही. रुईवर वाढणारी अळी लिंबाच्या पानावर उपाशी मरेल आणि लिंबावरची रुईवर. म्हणून मादी अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरते, पायांनी पान चाचपते, पायांनीच त्याची चव घेते आणि खात्री पटल्यावरच अंडे चिकटवते. कढीलिंब आणि लिंबूवर्गीय झाडांवर एक जात, एरंडावर दुसरी, पानफुटीवर तिसरी, बहाव्यावर चौथी. आपल्या नित्य परिचयाच्या आंब्याच्या पानावरही एका जातीची अळी पानाच्या मधल्या शिरेला अशी बिलगून बसते की, बोट दाखवूनही ती पटकन दिसत नाही. ओवळ्याच्या त्या वाडीत फुलांइतकीच, किंबहुना अधिक, काळजी या पानांची घेतलेली दिसली. कुरतडलेले पान तेथे लाजेची नव्हे, अभिमानाची बाब होती.

मुलांना सर्वांत अधिक काय आवडले असावे? रंगीबेरंगी पंख, असे आपण म्हणू. वस्तुतः तसे झाले नाही. कढीलिंबाच्या पानावर पडलेली पक्ष्याची विष्ठा म्हणून जिच्याकडे सर्वांनी दुर्लक्ष केले, ती अळी आहे हे कळताच पाचही डोकी त्या एका पानावर वाकली. थोडी मोठी झाली की तीच अळी हिरवी होते, आणि डिवचले तर डोक्यामागून लालसर, दुभागलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. एका मुलाने ते पाहिले आणि परतीच्या बसमध्ये दुसरा विषय निघाला नाही.

आमचा ठराव

येथवरची हकीकत कोणत्याही सहलीची म्हणून खपून जाईल. पुढची तशी नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक लिंबाचे झाड आहे. घरी परतल्यावर मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्याची तपासणी केली आणि चार अळ्या शोधून काढल्या. त्यांना नावे दिली गेली, वहीत तारखा पडल्या, कोण केव्हा कात टाकते यावर पहारा बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर पंप घेतलेला माणूस आला आणि त्याने दरमहाच्या रिवाजाप्रमाणे सर्व झाडांवर फवारणी केली. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलांना झाडाखाली काय सापडले, ते सांगण्याची गरज नाही. माझ्या नातीने एवढेच विचारले, ‘आजोबा, त्याला कोणी सांगितलं होतं?’

त्याला आम्ही सांगितले होते. ‘आवारातील झाडांची पाने किडीने खाल्ल्यामुळे विद्रूप दिसतात, सबब दरमहा फवारणी करावी,’ असा ठराव कार्यकारिणीने एकमताने संमत केला होता आणि त्याखालील सह्यांत प्रस्तुत लेखकाचीही सही होती. रविवारी भाडे आणि तिकीट खर्चून जे पाहावयास मुलांना नेले, तेच बुधवारी स्वतःच्या दारात वर्गणी काढून मारले. हा विसंगतीचा दोष एका संस्थेचा असता, तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या समाजाची कीटकांविषयीची दृष्टीच अशी दुभंगलेली आहे. फुलपाखरू आपल्याला हवे असते. अळी मात्र नको असते. जणू ती दोन वेगळी प्राणिकुळे आहेत!

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन म्हणजेच राणी पाकोळी या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. मखमली काळ्या पंखांवर निळ्या रंगाची उधळण असलेले हे देखणे फुलपाखरू आपली अंडी घालते ती लिंबाच्याच कुळातील झाडांवर. आमच्या झाडावरील त्या चार अळ्या राणी पाकोळीच्या नसतीलही. पण तिच्या जवळच्या नात्यातील खास होत्या. राज्याच्या मानचिन्हाचे चित्र भिंतीवर लावावे आणि त्याच्या भाऊबंदांवर विष फवारावे, यातील विरोध आम्हा सुशिक्षितांपैकी कोणाच्याही लक्षात आला नाही. तो लक्षात आला नऊ वर्षांच्या मुलीच्या.

काचघराची गरज कोणाला?

फुलपाखरांची घरे आणि कीटकांची संग्रहालये ही कल्पना मुळात थंड देशांतील आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ साली कीटकगृह उघडले. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या काचघरांची लाट आली. स्ट्रॅटफर्ड येथील प्रसिद्ध घर १९८५ सालचे. ज्या देशात वर्षातील निम्मे दिवस बाहेर फुलपाखरू दिसत नाही, तेथे उष्ण, दमट काचघर उभारून उष्ण कटिबंधातील फुलपाखरे दाखविणे यात गैर काही नाही. उलट त्याचा एक लाभही झाला. केनियातील अराबुको-सोकोके या किनारी जंगलाजवळच्या गावकऱ्यांनी १९९३ पासून ‘किपेपेओ’ प्रकल्पात फुलपाखरे पाळून त्यांचे कोश युरोपातील अशा घरांना विकण्यास प्रारंभ केला. जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा आहे हे त्यांना त्यामुळे दिसले. तेव्हा काचघर म्हणजे सरसकट तुरुंग, असा एकांगी निवाडा प्रस्तुत लेखक देऊ इच्छित नाही.

आपल्याकडेही बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा येथे २००६ साली छत घातलेल्या घुमटाचे फुलपाखरू उद्यान झाले आणि हजारो मुलांनी तेथे प्रथमच फुलपाखरू जवळून पाहिले. परंतु मुद्दा वेगळा आहे. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. कित्येक जाती भर शहरात राहतात. ज्या देशात फुलपाखरू खिडकीतून घरात येते, तेथे त्याला पाहण्यासाठी घर बांधण्याची नव्हे, त्याचे घर न मोडण्याची आवश्यकता आहे. आपल्या अनेक नगरपालिका ‘फुलपाखरू उद्यान’ म्हणून जे काही उभारतात, त्यात सिमेंटचे रंगविलेले फुलपाखरू असते, कारंजे असते, परदेशी शोभेची फुले असतात, आणि अळीला खाण्याजोगे एक पानही नसते. पाहुण्यांना पान-सुपारी द्यावी आणि त्यांच्या लेकरांना दाराबाहेर उपाशी ठेवावे, असे हे आतिथ्य आहे.

याउलट मुंबईत धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. जेथे एके काळी शहराचा कचरा टाकला जाई, तेथे माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. झाडे आली आणि त्यांच्यामागून फुलपाखरे आली. त्यांना कोणी आणून सोडले नाही. कचऱ्याच्या ढिगावर जे घडू शकते, ते शाळेच्या मागील मोकळ्या पट्टीवर घडू नये असे कोणते कारण आहे?

आक्षेप आणि उत्तरे

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप डासांचा. डेंग्यूच्या दिवसांत फवारणी थांबवा म्हणणे हा शुद्ध भाबडेपणा नव्हे काय? परंतु डेंग्यूचा डास लिंबाच्या पानावर वाढत नाही. तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरील टायरात आणि उघड्या पिंपात वाढतो. पिंप रिकामे करण्याचे कष्ट टाळून झाडांवर विष मारल्याने डासांचा बंदोबस्त होत नाही, केवळ काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. लिंबावरील हीच अळी संत्र्या-मोसंबीच्या रोपवाटिकेत शिरली तर कोवळी रोपे फस्त करते. ज्याचे पोट त्या रोपांवर आहे, त्याला अळीचे कौतुक सांगण्याचा अधिकार शहरी पगारदाराला नाही. परंतु शाळेचे आवार ही संत्र्याची बाग नव्हे. तेथील चार पाने खाल्ली गेल्याने कोणाचेही उत्पन्न बुडत नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण मनात असतो. किडे गेले तर बिघडले काय? जर्मनीतील अभ्यासकांनी तेथील संरक्षित क्षेत्रांत सत्तावीस वर्षे उडत्या कीटकांचे वजन मोजले. ते तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडील सामान्य माणूस आकडे मोजत नाही. तो ‘चिमण्या कुठे गेल्या?’ असे हळहळून विचारतो. चिमणी दाणे टिपते हे खरे. परंतु घरट्यातील पिलांना ती अळ्या आणि किडे भरविते. अळी नको म्हणणाऱ्याने चिमणीसाठी हळहळण्याचे ढोंग करू नये.

शिक्षकांनी मनावर घेतले तर

फुलपाखराच्या जीवनक्रमाची आकृती आपल्या मुलांना पाठ असते. अंडे, अळी, कोश आणि प्रौढ कीटक ही चार चित्रे, चार बाण, आणि त्याला ठरलेले गुण. ती आकृती बिनचूक काढणाऱ्या किती मुलांनी खरे अंडे पाहिले असेल? आणि शिक्षकांपैकी किती जणांनी? शिक्षकांवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. भरगच्च वर्ग, संपवावयाचा अभ्यासक्रम आणि शाळाबाह्य कामांचे ओझे यांत त्यांना श्वास घ्यावयास फुरसत नाही, हे मान्य आहे. तथापि कीटकसृष्टीचा सर्वांत मोठा निरीक्षक हा एक शिक्षकच होता, हे विसरता येत नाही. फ्रान्समधील झां-आंरी फाब्र यांनी शाळामास्तरकीपासून आयुष्याला आरंभ केला आणि आयुष्यभर दारिद्र्याशी झुंज दिली. पंचावन्नाव्या वर्षी, १८७९ साली, त्यांनी सेरिन्यां येथे गोखरूंनी भरलेला, शेतीला निरुपयोगी असा एक माळ घेतला. कोणालाही नको असलेली ती जमीन त्यांना नेमकी हवी होती. कारण किड्यांना ती हवी होती. मेलेले किडे टाचण्यांना टोचून ठेवण्यापेक्षा जिवंत किडे काय करतात ते पाहणे, ही त्यांची रीत. त्यांच्या त्या माळाला भिंत होती, पण छप्पर नव्हते.

प्रत्येक शाळेने असा दहा पावलांचा एक कोपरा राखून ठेवावा. त्यात एक कढीलिंब, एक लिंबू, चार पानफुट्या आणि एखादा एरंड एवढी झाडे पुरेत. रुई आपोआप येईल. ती उपटू नये एवढेच पथ्य. पावसाळ्यात उगवणारा टाकळा तण म्हणून खुरपू नये; छोट्या पिवळ्या फुलपाखरांचा तो पाळणा आहे. त्या कोपऱ्यावर फवारणी नाही, हा नियम मुख्याध्यापकांच्या सहीने भिंतीवर लावावा. एक भिंग आणि एक वही, याहून अधिक साहित्य नको. मुलांनी किडे पकडून वहीत चिकटविण्याचे ‘प्रकल्प’ मात्र कटाक्षाने बंद व्हावेत. काही फुलपाखरांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी जीव मारून निसर्गप्रेम शिकविता येत नाही.

यातून सारी मुले कीटकशास्त्रज्ञ होतील अशी अपेक्षा नाही. किळस आणि भीती ही मुलांना जन्मतः नसतात. किडा दिसताच चप्पल उचलणाऱ्या मोठ्यांकडून ती वारशाने येतात. ज्या मुलाने एका अळीला दोन आठवडे पान खाताना आणि मग कोशात निपचित पडलेले पाहिले आहे, आणि त्या कोशातून निघालेल्या चुरगळलेल्या पंखांना हळूहळू ताठ होताना पाहिले आहे, ते मूल कुरूप दिसणाऱ्या वस्तूविषयी घाईने निकाल देणार नाही. शिक्षणाचे याहून मोठे फळ कोणते?

आमच्या संस्थेच्या पुढील सभेत तो ठराव रद्द करण्याची सूचना प्रस्तुत लेखकाने मांडली. चर्चा दीड तास चालली आणि सूचना दोन मतांनी संमत झाली. लिंबाच्या झाडाची पाने आता पुन्हा कुरतडलेली दिसतात. येणारे-जाणारे विचारतात, झाडाला कीड लागली काय? मुले त्यांना हाताला धरून झाडापाशी नेतात.