गॅबियनचा दगड नाही, तार आधी जाते. धायरीच्या ओढ्याला कोणती जाळी हवी?

धायरी : २०१७ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, सिमेंट वाढलं, पण पावसाळ्यात ओढ्याचा काठ खचायचा तो खचतोच. त्यावर सोपा इलाज म्हणजे गॅबियन, तारेच्या जाळीत भरलेले दगड. दगडाला काही होत नाही. प्रश्न असतो जेमतेम २.७ मिलिमीटर जाडीच्या तारेचा.

साध्या जीआय तारेवर नुसतं जस्त असतं. ते स्वतः झिजून आतल्या पोलादाला वाचवतं. जस्त संपलं की गंज सुरू. आता जस्तात ५ टक्के ॲल्युमिनियम मिसळलेला लेप मिळतो. तो हळू झिजतो, साधारण दुप्पट टिकतो. शिवाय जाळी विणताना तारेला पीळ पडतो, तिथं तो सहसा तडकत नाही. या जाळ्यांसाठी आयएस १६०१४ हे भारतीय मानक आहे. २.७ मिमी तारेवर दर चौरस मीटरला साधारण २४५ ग्रॅम लेप धरला जातो.

पण ओढ्यात सांडपाणी मिसळत असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिथं लेपावर पीव्हीसीचं आवरणही लागतं. शहरालगतच्या गावांनी हे आधी बघावं, खर्च वाढला तरी.

खरी गोम बांधणीत असते. जाळी चांगली आणि पेट्या शिवायला दुकानातली साधी तार! मग शिवण आधी गंजते, दगड ओढ्यात. कामाच्या वेळी जाळीसोबत शिवणीच्या तारेचंही चाचणी प्रमाणपत्र मागता येतं.