बोर्ड गेलाय म्हणे!

"बोर्ड गेलाय."

रिमोटची गाडी बंद पडली की घरोघरी आणि दुकानोदुकानी हाच निकाल ऐकू येतो. ना साक्ष, ना पुरावा, थेट फाशी. गाडी उलटीपालटी केली जाते, कानाशी धरून हलवली जाते, दोन चापट्या मारल्या जातात आणि मग कोणीतरी जाणता माणूस गंभीर चेहऱ्याने हे दोन शब्द उच्चारतो. मला या दोन शब्दांचा मनापासून राग आहे. आज तो काढणार आहे.

मी बोलतेय ते छंद म्हणून घेतल्या जाणाऱ्या, बॅटरीवर पळणाऱ्या गाड्यांबद्दल. त्यात विजेचं काम करणारे भाग मोजकेच असतात. बॅटरी, तिचा कनेक्टर, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर, रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर, पुढची चाकं वळवणारा सर्व्हो आणि मोटर. बऱ्याच स्वस्त गाड्यांत कंट्रोलर आणि रिसीव्हर एकाच पाटीवर असतात, तोच आपला 'बोर्ड'. साध्या आमटीलाही याहून जास्त जिन्नस लागतात. एवढ्या मोजक्या संशयितांतला गुन्हेगार शोधायचा आपल्याला कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला आपण 'बोर्ड गेलाय' असं भारदस्त नाव देतो.

भाच्याच्या गाडीचंच घ्या. थ्रॉटल जोरात दाबला की गाडी अर्धा सेकंद मरायची, दिवा लुकलुकायचा, की पुन्हा जिवंत. दुकानदार म्हणाला, "ताई, बोर्ड गेला. नवीन टाका, अठराशे रुपये." त्याने मीटर हातात घेतला नाही. स्क्रू सुद्धा काढला नाही.

ही गाडी दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवरची. असा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे दोन सेलचे ८.४. उभ्या गाडीत मोजलं तर ८.१ भरले. बॅटरी ठणठणीत, असं कोणीही म्हणेल. पण उभ्या गाडीत मोजणं म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाची नाडी बघून तो सिंहगड चढेल असं सांगणं! मोजायचं ते गाडी दमत असताना. म्हणून गाडीचं नाक भिंतीला टेकवलं, भाच्याला क्षणभर थ्रॉटल दाबायला सांगितला आणि कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना मोजलं. बॅटरीकडे ७.७ व्होल्ट. बोर्डाकडे ५.२. अडीच व्होल्ट त्या बोटभर प्लास्टिकच्या कनेक्टरमध्येच खर्च होत होते! आत पाहिलं तर पिन सैल आणि काळवंडलेली. रिसीव्हरला लागणारी पाचेक व्होल्टची वीज बोर्डच बनवून देतो. त्यालाच उपाशी ठेवलं तर तो ती कुठून देणार? रिसीव्हर बेशुद्ध पडायचा, थ्रॉटल सुटायचा, व्होल्टेज वर यायचं, की पुन्हा शुद्धीवर. नवा कनेक्टर चाळीस रुपयांना आला. सोल्डरिंगला दहा मिनिटं लागली.

यात माझी हुशारी काहीच नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम आहे. २० अँपियर वाहत असताना जोडामध्ये ०.०५ ओहम इतका नगण्य विरोध असला तरी १ व्होल्ट गळतो आणि २० वॅटची उष्णता तिथेच तयार होते. म्हणून तर सैल कनेक्टर वितळतात. हाच नियम आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो आणि दुकानात अठराशे रुपयांना विसरतो.

बाकीचे संशयितही असेच बोलके असतात, विचारलं तर. स्टिअरिंग वळवलं की गाडी झटके खाते? सर्व्होची वायर काढून चालवून बघा. झटके थांबले तर सर्व्हो जास्त वीज ओढतोय. तीन वायरींची ब्रशलेस मोटर जागच्या जागी थरथरते? आधी त्या तीन जोडण्या पाहा. एक जरी सुटली तरी हेच होतं. जुन्या पद्धतीच्या ब्रशच्या मोटरवर बारीक कपॅसिटर असतात, मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट रेडिओपर्यंत जाऊ नये म्हणून. त्यातल्या एकाचा पाय तुटला की गाडी उगाच भरकटू शकते, आणि दोष लागतो रिमोटला.

आता कोणी म्हणेल, कधीतरी बोर्ड खरंच जातोच की. जातो ना! पाणी शिरतं, आतले ट्रान्झिस्टर जळतात, वास घरभर पसरतो. पण मग तर तपास जास्तच गरजेचा. बोर्ड का जळला? बेअरिंग जाम होतं? धुऱ्यात केस गुंतले होते? जास्त वेगाच्या हौसेने मोटरवर मोठं पिनियन चढवलं होतं? कारण तसंच ठेवून नवा बोर्ड बसवलात तर तोही त्याच वाटेने जाणार. मग दुकानदार म्हणणार, "कंपनीच खराब आहे."

दुसरा आक्षेप आमच्या नातेवाईकांचा लाडका आहे. "एवढा वेळ कोणाला आहे?" (ज्यांना हे लागेल त्यांनी खुशाल लावून घ्यावं.) अहो, दुकानात दोनदा जाऊन यायला वेळ आहे, मग अर्धा तास मीटर धरायला नाही? साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. कनेक्टर, वायर, कपॅसिटर सगळं सुटं मिळतं.

आणि हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. न मोजणारा माणूस बॅटरीच्या बाबतीत धोकादायक असतो. लिथियम पॉलिमरचा सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला की तो बिघडू लागतो. मग फुगतो. आणि फुगलेली बॅटरी "थोडी गरम होते, पण चालते" म्हणून चार्जिंगला लावून लोक बिनधास्त झोपतात! ती पेटू शकते. फुगली की चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. इथे मात्र मी दुरुस्तीच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

बनवणारेही साळसूद नाहीत. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओवरची गाडी काढली, ती सुट्या भागांत. मालकाने स्वतः जोडायची. ज्याने गाडी जोडली त्याला ती उघडायची भीती कशी वाटेल? आज स्वस्त गाड्यांचे बोर्ड डिंकासारख्या रसायनात बुडवलेले असतात, नकाशा नाही, सुटा भाग नाही. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, तेव्हा त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं घेतली. खेळण्यांना जागा नव्हती. म्हणजे दुरुस्तीचा हक्क मोठ्यांचा. ज्या वयात ती सवय लागते त्या वयाचं कोणाला काय पडलंय?

माझं खरं भांडण इथे आहे. गाडी बंद पडली की मूल आपल्या तोंडाकडे बघतं. आपण "बोर्ड गेलाय, नवीन आणू" म्हणतो, तेव्हा ते शिकतं की वस्तू कळत नसतात, फक्त विकत मिळतात. हातात मीटर देऊन "वीज कुठपर्यंत पोचतेय ते बघ" म्हटलं, तर ते शिकतं की बिघाडाला पत्ता असतो. हीच सवय पुढे घरातल्या मिक्सरला लागू पडते, आणि "सिस्टीमच डाउन आहे" म्हणणाऱ्या खिडकीतल्या साहेबालाही.

तेव्हा मंडळी, यापुढे कोणी "बोर्ड गेलाय" म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा: "किती व्होल्ट भरले?"