मोजण्याआधी वाचावे

तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने किती लिहिले आणि इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले, या दोन आकड्यांवरून त्याच्या संशोधनाची प्रत ठरवण्याची रीत निवड समित्यांच्या अंगवळणी पडली आहे; नीतिशास्त्रात ही रीत कोठे तोकडी पडते, हे डेरेक पारफिट यांच्या कारकिर्दीवरून चांगले कळते.

ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजात १९६७ पासून अधिछात्र असलेल्या पारफिट यांचा व्यक्तीच्या तादात्म्यावरील, म्हणजे कालची व्यक्ती आणि आजची व्यक्ती एकच कशावरून या प्रश्नावरील, निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला. तरीही पुस्तक नाही म्हणून १९८१ मध्ये कॉलेजने त्यांची वरिष्ठ पदावरील निवड तीन वर्षे लांबणीवर टाकली. ‘रीझन्स अँड पर्सन्स’ हा ग्रंथ १९८४ मध्ये आला, ‘ऑन व्हॉट मॅटर्स’चे पहिले दोन खंड २०११ मध्ये, आणि तिसरा खंड त्यांच्या निधनाच्या वर्षी, २०१७ मध्ये. दरम्यान दुसऱ्या ग्रंथाचा खर्डा अभ्यासकांत हातोहात फिरत होता व त्यावरील टीकालेखांचा संग्रह २००९ मध्ये, मूळ ग्रंथाच्या दोन वर्षे आधीच, छापून निघाला होता. जे पुस्तक अजून बाजारात नाही त्याचा प्रभाव कोणत्या वर्षाच्या खात्यात मांडावा, याला प्रचलित पद्धतींपाशी उत्तर नाही.

भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-निर्देशांकानुसार, ज्याच्या २० लेखांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले त्याचा अंक किमान २० होतो; पण ज्याने आयुष्यभरात दोनच ग्रंथ लिहिले त्याचा अंक, त्या ग्रंथांना प्रत्येकी हजारो संदर्भ मिळाले तरी, २ च्या पुढे सरकत नाही. नियतकालिकाचा प्रभावांक, म्हणजे मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेल्या संदर्भांची सरासरी, हाही येथे उपयोगी नाही. कारण नीतिशास्त्रातील प्रश्न दोन वर्षांत पिकत नाही. ज्या धोरणामुळे पुढे कोण जन्माला येणार हेच बदलते, त्या धोरणाने त्या भावी माणसांचे नुकसान केले असे म्हणता येईल का, हा १९८४ च्या ग्रंथातील प्रश्न पुढे हवामानबदलाच्या नैतिक चर्चेत कळीचा ठरला.

शिवाय संदर्भ देणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. जेमतेम जगण्याजोगे आयुष्य असलेली अफाट लोकसंख्या ही थोड्या सुखी लोकसंख्येपेक्षा श्रेयस्कर ठरते, या निष्कर्षाला पारफिट यांनी स्वतःच जुगुप्साजनक म्हटले आणि तो टाळणारा सिद्धान्त शोधण्यात पुढच्या पिढ्या गुंतल्या. २०२१ मध्ये मात्र २९ अभ्यासकांनी एकत्र लेख लिहून, तो टाळणे ही सिद्धान्ताच्या ग्राह्यतेची अनिवार्य अट मानू नये, असे मत मांडले. अनुसरण, खंडन आणि पुनर्विचार ही तिन्ही कामे मोजणीत एकसारखीच उमटतात, आणि पारफिट इतरांच्या हस्तलिखितांवर जी पानेच्या पाने टिपणे लिहून पाठवत, ती तर मोजणीत येतच नाहीत.

यावरून कमी लिहिणारा प्रत्येक जण पारफिट असतो असे निघत नाही. अध्यापनाच्या ओझ्यातून मोकळीक देणारे कॉलेज त्यांना लाभले होते, आणि दीर्घ मौनामागे चिंतन असते तसा आळसही असतो. परंतु या दोहोंतला फरक आकड्याला ओळखता येत नाही, तो लेखन वाचणाऱ्यालाच कळतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत आणलेल्या एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाच्या, गुणांनी लेखांची संख्या वाढवली, आणि कोणत्या नियतकालिकातील लेख धरायचे हे पुढे ‘केअर’ सूचीने ठरवून दिले. २०२५ मध्ये ती सूची बंद करून आयोगाने हा निर्णय संस्थांवर सोपवला आहे. तत्त्वज्ञान विभागांनी या मोकळिकीचा उपयोग नवी यादी करण्यासाठी न करता, उमेदवाराने स्वतः निवडलेल्या तीन लेखनकृती समितीतील प्रत्येक सदस्याने वाचाव्यात आणि त्यांतील युक्तिवाद कोठे टिकतो व कोठे ढासळतो याचे लेखी टिपण द्यावे, असा दंडक घालून घ्यावा. संदर्भसंख्या त्या टिपणाला जोडण्यास हरकत नाही. मात्र युक्तिवादाची पारख हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी तीच पारख सहकाऱ्याच्या निवडीच्या वेळी गणकयंत्रावर सोपवणे योग्य नव्हे.