बुरशीचा रंग आणि 'नैसर्गिक'ची भूल

यंदा रंगपंचमीला माझ्या धाकट्या बहिणीच्या गालांवर पुरळ उठले. रंगाच्या पुडीवर 'नैसर्गिक' असे ठळक छापलेले होते. तेव्हापासून नैसर्गिक रंगांविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि बुरशीपाशी येऊन अडकलो.

बुरशी म्हटली की आपल्याला लोणच्याची फुकट गेलेली बरणी आठवते. पंधराव्या शतकातील इटालियन कारागिरांना मात्र तिचे वावडे नव्हते. लाकडात लाकूड जडवून ते चित्रे करीत आणि हिरव्या रंगासाठी कुजके लाकूड निवडून घेत! क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी लाकडात शिरून ते निळसर हिरवे करते. पाचशे वर्षांनंतरही त्या चित्रांतला हा हिरवा ओळखू येतो. कॅलिफोर्नियातील मिरियम राइस या चित्रकर्तीने पिवळ्या अळंब्या लोकरीबरोबर उकळून पाहिल्या आणि लोकर पिवळी झाली. १९७४ साली तिने त्यावर पुस्तक लिहिले. पुढे अळंब्यांचे रंगखडूही केले. आपण ज्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून लाथाडतो, त्यांच्या भाऊबंदांची ही करामत.

हे सांगितले की मित्र म्हणतात, "मग कारखान्यातले रंग बंदच करा की!" इथे माझे त्यांच्याशी जमत नाही. चीनमध्ये शिजवलेल्या तांदळावर मोनॅस्कस बुरशी वाढवून लाल तांदूळ करतात. शतकानुशतके त्याने मांस आणि मद्य रंगवले गेले. परंतु याच बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात, हे १९९५ साली उघड झाले. युरोपात या लाल रंगाला अन्नरंग म्हणून मान्यता नाही. उलट ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीपासून काढलेले कॅरोटीन, म्हणजे गाजरातलेच रंगद्रव्य, तिथे तपासून मंजूर झालेले आहे. दोन्ही रंग बुरशीचेच, दोन्ही नैसर्गिकच! आणि कापडाचे म्हणाल, तर अळंबीचा रंग पक्का बसावा म्हणून तुरटी घालतात तसे कोणी क्रोमचे क्षारही घालीत, आणि ते विषारी.

म्हणून पुढच्या रंगपंचमीला मी दुकानदाराला विचारणार आहे, हा रंग कशापासून काढला, त्यात आणखी काय मिसळले आणि तपासला कोणी? तो हसेल. हसू दे. पुडी मात्र उत्तर मिळाल्यावरच घेईन.