पाच गोळ्यांचा खोटा हिशेब

पाच गोळ्या झाडायच्या, गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि ‘माझ्या लोडचं विचलन फक्त आठ’ असं चारचौघांत सांगत फिरायचं. अमेरिकेत मी ज्या ज्या शूटिंग रेंजवर गेलो, तिथे हा प्रकार पाहिला. बंदुकीच्या दुकानात काउंटरवर तो ऐकू येतो आणि गुळगुळीत कागदावरच्या मासिकांतही छापून येतो. मी स्वतः .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरतो आणि या आकड्याला थाप म्हणतो.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची आणि पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत दुमडायचं, म्हणजे क्रिम्प करायचं. दारू, गोळी आणि प्रायमर यांच्या अशा जुळणीला लोड म्हणतात. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. म्हणूनच इथे जबाबदारी सगळी भरणाऱ्यावर येते, आणि नेमकी तीच टाळली जाते.

आधी गणित पाहू. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन सेकंदाला ८ फूट आलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं विचलन साधारण ५ ते २३ च्या दरम्यान कुठेतरी आहे. पाच म्हणजे उत्कृष्ट लोड आणि तेवीस म्हणजे बेताचा. दोन्ही शक्यता उघड्या असताना आठाचा डंका पिटायचा हक्क कुणी दिला? हेच आठ तीस गोळ्यांवरून आले असते, तर पट्टा साधारण ६.४ ते १०.८ च्या दरम्यान आला असता. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीतल्या फरकाचा आकडा तर याहून लबाड. तोच लोड पाचाऐवजी वीस वेळा झाडला, तर हा फरक सरासरीने ६० टक्के वाढतो. लोडमध्ये काडीचाही बदल न होता वाढतो. म्हणजे कमी गोळ्या झाडा आणि जास्त फुशारकी मारा, असं बक्षीसच या आकड्याने लावून ठेवलं आहे.

आपल्या मराठी मंडळींवर माझा राग जास्त आहे. इथे नेमबाजीकडे वळलेल्या आपल्या लोकांत इंजिनिअरांची कमी नाही. संख्याशास्त्राचा पेपर देऊन, पदवी घेऊन ते इथे आले. ऑफिसात कुणी पाच नमुन्यांवर निष्कर्ष काढून आणला, तर हेच लोक त्याला परत पाठवतील. रेंजवर पाय ठेवला की ती सगळी विद्या गाडीच्या डिकीत राहते. गोळ्या महाग आहेत, तीस झाडणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग ‘अजून माहीत नाही’ असं म्हणावं. त्याला एक पैसा पडत नाही.

गणितानंतर येतो वजनकाट्याचा धंदा. वेग एकसारखा येत नाही म्हटलं की दुकानदार महागडा डिजिटल काटा पुढे सरकवतो आणि गिऱ्हाईक तो मुकाट्याने घेतं. जरा हिशेब करा. दारू वीस ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप) असेल, तर एक दशांश ग्रेनची चूक म्हणजे अर्धा टक्का. सेकंदाला १२०० फुटांच्या लोडमध्ये त्याने फार तर पाच-सहा फुटांचा फरक पडेल. तुमच्या गोळ्यांमध्ये शंभर फुटांचा फरक येत असेल, तर तो काट्यातून आलेला नाही. तो पुंगळीच्या आत घडतो आहे आणि तिथे डोकावायची तुमची तयारी नाही.

.४५ कोल्टचंच पाहा. हे काडतूस १८७३ सालचं, काळ्या दारूसाठी बनवलेलं. त्या काळी सुमारे ४० ग्रेन काळी दारू पुंगळी भरून टाकत असे. आजच्या धूरविरहित जलद दारूचा हलका लोड त्याच पुंगळीचा तळ जेमतेम झाकतो आणि उरलेली जागा रिकामी राहते. रिव्हॉल्व्हर नळी वर करून मग आडवं धरलं, तर दारू प्रायमरजवळ बसते. नळी खाली झुकवून मग वर आणलं, तर ती गोळीकडे सरकते. तेच काडतूस, तीच दारू, तेच वजन, आणि वेगातला फरक सहज शंभर फुटांच्या घरात जातो. ही तपासणी करायला क्रोनोग्राफशिवाय दुसरं एक पैशाचंही यंत्र लागत नाही. रेंजवर दारू मागे ठेवून दहा गोळ्या झाडा, पुढे ठेवून दहा झाडा आणि दोन्ही सरासऱ्या शेजारी लिहा. ज्याने हे केलेलं नाही, त्याचा वेगाचा आकडा म्हणजे त्या दिवशी त्याने हात कसा उचलला याची नोंद आहे. उपायही जुनाच आहे: पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी दारू निवडा.

त्यातही दारूचा स्वभाव ओळखावा लागतो. एच-११० आणि विंचेस्टर २९६ या दोन नावांनी विकली जाणारी दारू एकच आहे. ती सावकाश जळते आणि पेटायला हट्टी आहे. तिला भरलेली पुंगळी, मॅग्नम प्रायमर, जड गोळी आणि घट्ट क्रिम्प हवा. ती कमी करायची तर तीन टक्क्यांपलीकडे करू नका, असा स्पष्ट इशारा ती विकणारी हॉजडन कंपनी देते. तरीही ‘जरा सौम्य लोड हवा’ म्हणून तिलाच कापणारे महाभाग आहेत. अर्धवट पेटलेल्या दारूने गोळी नळीत अडकते. मागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. वेगातलं सातत्य हा केवळ हौसेचा विषय नाही, तो बोटांचा आणि डोळ्यांचा विषय आहे. विस्कटलेला वेग ही दारू नीट पेटत नसल्याची पहिली सूचना असते.

आता गोळी पुंगळीत किती घट्ट बसली आहे ते पाहू. दारू पेटल्यावर दाब पुरेसा चढेपर्यंत गोळीने जागा सोडता कामा नये. ही पकड मुख्यतः पुंगळीच्या भिंतीची असते आणि क्रिम्प तिला मदत करतो. गोळी ढिली असेल, तर नुसता क्रिम्प आवळून काही साधत नाही. त्यासाठी तोंड रुंदावणाऱ्या डायचा खुंटा गोळीच्या मापाला जुळणारा हवा, पुंगळ्या एकाच कंपनीच्या आणि सारख्याच वेळा झाडलेल्या हव्यात आणि त्यांची लांबी समान हवी. लांबी कमीजास्त असली की क्रिम्प कमीजास्त होतो, क्रिम्प कमीजास्त झाला की वेग. रेंजवर वेचलेल्या चार कंपन्यांच्या पुंगळ्या एका डब्यात टाकून सातत्य शोधणाऱ्याने काटा कितीही महागाचा घेतला तरी हाती काही लागणार नाही.

मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याचा त्रास वेगळाच. पहिली गोळी सुटते तेव्हा बाकीची पाच काडतुसं सिलिंडरमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या चक्रात, तो हिसका खात असतात आणि प्रत्येक हिसक्याला त्यांच्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. गोळी सरकली की आतली जागा वाढते आणि सहावं काडतूस पहिल्यासारखं उरत नाही. फार सरकली तर टोक सिलिंडरबाहेर येऊन चक्र अडकतं. सहावं काडतूस आधी मोजा, पाच झाडा, मग ते परत मोजा. लांबी वाढली असेल, तर वेगाच्या गप्पा बंद करा आणि आधी क्रिम्प सुधारा.

शिवाय रिव्हॉल्व्हरला एक नळी आणि सहसा सहा खण असतात. प्रत्येक खणाचं तोंड मापाने थोडं वेगळं असू शकतं. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो तो आणखी वेगळाच. खणांवर खूण करून प्रत्येकाचा वेग वेगळा लिहिल्याशिवाय फरक दारूचा की हत्याराचा हे कळत नाही. हे करणारे मला क्वचितच भेटतात.

सातत्य कुठे कामाला येतं, याबद्दलही खरं बोललं पाहिजे. १२०० फुटांच्या लोडमध्ये २५ यार्डांवर वेगातल्या ५० फुटांच्या फरकाने गोळी जेवढी जास्त खाली पडते, ते अंतर इंचाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. तिथे गोळ्या विखुरल्या, तर दोष बहुधा हाताचा. पण १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हँडगन मेटॅलिक सिल्हुएट संघटनेच्या स्पर्धेत कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० मीटरवर असतो. हे पोलादी आकार नुसते लागून भागत नाही, पाडावे लागतात. २०० मीटरवर वेगातला तोच ५० फुटांचा फरक ढोबळ हिशेबाने चार-पाच इंचांचा होतो. तिथे बढाईला जागा नाही. मेंढा पडतो किंवा उभा राहतो.

हे सगळं बाजूला सारून पूजा कशाची होते, तर कमाल वेगाची. त्यासाठी एल्मर कीथ यांचं नाव वापरलं जातं. आयडाहोच्या या माणसाने वर्षानुवर्षं .४४ स्पेशलमध्ये जोरदार लोड वापरले आणि त्याच्या पाठपुराव्यातून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं, हे खरं आहे. पण त्याने गोळीचा साचा काढला तेव्हा क्रिम्पसाठी खोल, तिरकी खाच दिली आणि गोळीभोवतीचे पट्टे समान रुंदीचे ठेवले. पकड आणि सरळपणा यांची त्याला काळजी होती. त्याच्या भक्तांनी जोर उचलला आणि काळजी टाकून दिली. .४५ कोल्टसाठी ठरलेला कमाल दाब चौरस इंचाला १४,००० पौंड आहे, नंतर आलेल्या .४५४ कसुल काडतुसासाठी ६५,०००. दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास एकच. एवढ्या साम्यावर जुन्या कोल्टमध्ये नव्या लोडची हाव धरणारा माणूस धाडसी नाही, बेजबाबदार आहे. शेजारच्या बाकावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही त्याने पणाला लावलेला असतो.

क्रोनोग्राफला मी दोष देत नाही. १९६० च्या दशकात टेक्सासमधल्या केन ओहलर यांनी तो सामान्य नेमबाजाच्या हाती दिला, आता तर हातात मावणारं रडार मिळतं. मोजणं इतकं सोपं झालं असताना खोटं मोजायला सबब उरलेली नाही.

म्हणून मासिकांच्या संपादकांना माझं सांगणं आहे: गोळ्यांची संख्या, दारूची जागा, पुंगळ्यांची कंपनी आणि तापमान दिल्याशिवाय एकही वेग छापू नका. रेंजवरच्या मित्रांना सांगणं आहे: छापील पुस्तकातल्या मर्यादेत राहा, तीस गोळ्यांची वही ठेवा आणि वाईट आकडाही लिहा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कुणी आठाचं विचलन मिरवत आला, तर एकच प्रश्न विचारा, ‘किती गोळ्यांवर?’ उत्तर पाच आलं, तर त्याचं काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नका.